थंडी हलत नाहीये तर हुरडा करून घ्या, पण क्रम चुकवू नका

संक्रांत झाली, रथसप्तमी झाली, तरी पहाटे गोधडी सोडवत नाही. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते म्हणतात, म्हणजे अजून दोन-तीन रविवार हातात आहेत. आणि नेमके याच दिवसांत मला दर वर्षी तेच फोन येतात, की अगं गेलो होतो शेतावर, पण हुरडा कडक लागला, नाहीतर धुराचाच वास येत होता, नाहीतर निम्मा कोंडाच तोंडात आला.

बहुतेकांनी हुरडा (ज्वारीच्या कोवळ्या कणसाचे विस्तवात भाजलेले दाणे) खाल्लेला असतो तो पैसे भरून, बाजेवर बसून, हातात आयती वाटी घेऊन. मागे दोन माणसं काय करतायत ते बघितलेलंच नसतं. मग मामाच्या किंवा ऑफिसातल्या मित्राच्या शेतावर स्वतः करायला गेलं की फजिती होते. खरं तर अवघड काहीच नाही, फक्त कणीस विस्तवात गेल्यापासून दाणे तोंडात जाईपर्यंत कुठेही थांबायचं नाही आणि त्यासाठी बाकी सगळं आधी तयार पाहिजे. लोक उलटं करतात, आधी कणसं भाजतात आणि मग सूप शोधायला लागतात.

१. निघायच्या चार दिवस आधी: रान आणि दाणा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात त्यामुळे इथे जरा वेळ काढणारे.

"हुरडा आहे का?" असं फोनवर विचारूच नका. गावाकडचा माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही. "या की, हाय की हुरडा" हेच उत्तर येणार. आम्ही एकदा अशा उत्तरावर तीन गाड्या भरून करमाळ्याच्या बाजूला गेलो होतो आणि ज्वारी अशी निबर झालेली की आठवडाभरात काढणीच. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही, आम्ही विचारलंच चुकीचं. शेवटी चुलीवरची भाकरी आणि पिठलं खाऊन आलो, ते झकास होतं ही गोष्ट वेगळी.

विचारायचं ते हे: पेरा कधीचा आहे, वाण कोणता आहे, शेवटची फवारणी कधी झाली. रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरतात, हुरड्यावर यायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे लवकर पेरलेलं रान डिसेंबरअखेरीलाच खाऊन होतं आणि आत्ता फेब्रुवारीत मिळेल तो उशिराच्या पेऱ्याचा. थंडी लांबली की दाणा सावकाश भरतो, त्यामुळे यंदासारख्या दिवसांत चार-आठ दिवस जास्त मिळू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका. एका रानाचा हुरडा फार तर आठवडा-दहा दिवस टिकतो. मधेच ऊन तापलं तर तेवढाही नाही.

वाणाचं म्हणाल तर सुरती आणि गुळभेंडी ही नावं ऐकली की डोळे झाकून जा. दाणा गोड आणि चोळला की बोंडातून (दाण्याभोवतीच्या टरफलातून) पटकन सुटतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर आणि परभणीचा परभणी वसंत हे तर हुरड्यासाठीच काढलेले वाण. मालदांडीचाही हुरडा करतात, मंगळवेढ्याच्या याच ज्वारीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि भाकरीला तिला तोड नाही, पण हुरडा करताना तिचा दाणा हाताला दमवतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने मालदांडीवर सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत.

फवारणीचं विचारायला लोक लाजतात. लाजू नका. मावा आणि लष्करी अळीसाठी औषध मारतात आणि आपण ते कणीस न धुता खाणार असतो. नुकतीच फवारणी झाली असेल तर दुसरं रान बघा, विषय संपला.

तपासणी: नखाची परीक्षा

शेतावर जो कोणी असेल त्याला एक दाणा नखाने दाबून व्हिडिओ पाठवायला सांगा. नुसत्या कणसाच्या फोटोवरून काही कळत नाही, सगळे फोटो छानच दिसतात.

- दाबल्यावर पांढरं दूध उडालं: कोवळा आहे, चार-पाच दिवस थांबा. हा भाजला की आक्रसतो, हाती नुसती सालं येतात.
- मळलेल्या कणकेसारखा दबला, ओलसर आहे पण गळत नाही: हाच. लगेच निघा.
- नख रुतत नाही किंवा आत पीठ दिसतं: गेला. आता भाकरीच.

दाणा कणसाच्या मधला घ्यायचा. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं, त्यामुळे शेंड्याचे दाणे आधी निबर होतात आणि बुडाचे मागे राहतात. शेंड्याचा दाणा दाबून "झाला की कडक" म्हणून परत गेलेली माणसं मी बघितलीयेत.

२. आदल्या दिवशी: पिशवी भरणं

हुरडा तिकडे मिळेल पण बाकी काही मिळेल असं धरून चालू नका.

चोळायला दोन-तीन जाड सुती फडकी (जुनी चादर फाडून घ्या, नायलॉन किंवा टेरिकॉट अजिबात नको, गरम कणसाला चिकटतं), एक सूप, दोन परात, लांब दांड्याचा चिमटा, पाण्याचा कॅन तोही विझवायला वेगळा आणि प्यायला वेगळा. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे. ज्वारीचं पान ब्लेडसारखं कापतं आणि कूस (बारीक टोचरी लव) अंगाला लागली की रात्रभर खाजवत बसायचं, अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालून रीळ काढणाऱ्यांना हे दुसऱ्या दिवशी कळतं.

खायला बरोबर काय, यावर प्रत्येक घराचं वेगळं. आमच्याकडे शेंगदाण्याची लसूण घालून कुटलेली चटणी, जवसाची चटणी, खोबऱ्याची चटणी, घट्ट दही, गूळ, गोडी शेव आणि संक्रांतीचा उरलेला तिळगूळ. ताक मात्र भरपूर, माणशी दोन ग्लास धरून. चटण्या कोरड्याच न्या, ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हात दुपारपर्यंत आंबते.

कणसांचा हिशोब माणशी चार-पाच. हुरडा पोटभरीचा पदार्थ आहे, सुरुवातीला सगळे "मला दहा लागतील" म्हणतात आणि चौथ्याला ढेकर देतात. दहा माणसांना ५० कणसं पुरतात, वर पाच जळणारी धरा.

शेतकऱ्याला पैशांचं आधीच विचारून ठेवा. नातेवाईक असले तर घेणार नाहीत, मग त्यांच्या घरी पोरांना खाऊ, शहरातून लागणारं काही सामान असं न्या. ते आपल्या पन्नास कणसांची भाकरी सोडून देतायत हे लक्षात असू द्या.

३. पोचल्यावर पहिलं काम: आगटी

गप्पा नंतर. गाडीतून उतरलं की आधी आगटी, म्हणजे खड्ड्यातला गोवऱ्यांचा विस्तव, पेटवायची कारण आर (ज्वाळ बसल्यावरचे लाल निखारे) तयार व्हायला पाऊण तास तरी जातो, आणि या थंडीत गोवऱ्यांना दव लागलेलं असेल तर तासही.

जागा बघा. कडब्याची गंजी, वाळलेलं गवत, ठिबकच्या नळ्या यांपासून चांगलं लांब आणि वारा जिकडून येतोय त्याच्या उलट बाजूला गंजी नको. मग मान वर करून झाड बघा. झाडावर मोहोळ असेल तर त्या झाडाखाली धूर करायचा नाही म्हणजे नाही. आग्या मोहोळ उठलं तर पिकनिक दवाखान्यात संपते, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

वीतभर खोल आणि दोन हात रुंद खड्डा घ्या. खाली तुराट्या किंवा वाळक्या काटक्या, वर गोवऱ्या उभ्या एकमेकींना टेकवून, मधे हवा जायला जागा ठेवून. आडव्या थापून ठेवल्या की नुसता धूर होतो. दहा माणसांना २५ ते ३० गोवऱ्या लागतात. पेटवायला वाळलेलं पाचट किंवा कागद. पेट्रोल, रॉकेल, सॅनिटायझर काही ओतू नका, धोका तर आहेच पण तो वास थेट दाण्यात उतरतो आणि मग कितीही चटणी लावा जात नाही.

इशारा: ज्वाळ दिसतेय तोवर कणीस टाकायचं नाही. हीच ती धुराच्या वासाची तक्रार. ज्वाळेवर वरची सालं काळी होतात आणि आतला दाणा कच्चाच राहतो. ज्वाळ बसू द्या, गोवऱ्या लाल होऊन वर पांढरी राख धरू द्या. हात वीतभर वर धरला आणि दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला की आर झाला. पोरं "अजून किती वेळ" करत असतील तर त्यांना बोरं आणि ऊस द्या आणि बांधावर पाठवा.

४. कणसं तोडणं

आगटी बसतेय तेवढ्यात कणसं आणायची, त्याच्या आधी नाही. सकाळीच तोडून ढीग घातला की दाणा पाणी सोडतो आणि चिवट होतो.

विळ्याने कापा आणि खाली हातभर ताट राहू द्या. ताट म्हणजेच तुमचा दांडा, ते आखूड कापलं की विस्तवात बोटं घालायची वेळ येते. उरलेलं ताट उभंच राहू द्या, त्याचा कडबा होणार आहे, त्यामुळे रानात रणगाड्यासारखं शिरू नका, काकरीतून, म्हणजे दोन ओळींच्या मधून चाला.

कापताना प्रत्येक कणीस उलटसुलट बघायचं. काळी भुकटी दिसली तर ती काणी (बुरशीचा रोग), बाजूला टाका. हाताला चिकट लागलं तर मावा-चिकटा आहे, तेही टाका. मधे अवकाळी पाऊस झाला असेल तर दाण्यांवर काळपट-गुलाबी बुरशी दिसते, ते कणीस "थोडंसंच आहे" म्हणून घेऊ नका.

आणि पोरांवर लक्ष ठेवा, गोठ्यातल्या गाईला हौसेने कोवळे पोंगे तोडून घालतील. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत जनावराला विषारी ठरणारं द्रव्य असतं, त्याने जनावर दगावू शकतं. मालकाला विचारल्याशिवाय काही खायला घालायचं नाही.

थांबा, एकदा बघून घ्या

आर तयार आहे? परात, सूप, फडकी आगटीशेजारी आहेत? चटण्यांचे डबे उघडलेत? ताक ग्लासात आहे? चोळणारी दोन माणसं हात धुऊन बसलीयेत? सगळ्याला हो असेल तरच पुढे. ग्रुप फोटो आत्ताच काढा, नंतर अजिबात थांबायचं नाहीये.

५. भाजणं

एका वेळी चार ते सहा कणसं, बास. जास्त टाकली की चोळणारे मागे पडतात आणि भाजलेली कणसं थंड होतात, आणि थंड कणसाचा दाणा बोंड सोडत नाही. सगळा खेळ या एका गोष्टीचा आहे.

चिमट्याने आर बाजूला सारून कणीस आत सरकवा, वर थोडी गरम राख ओढा, ताट बाहेर. अर्ध्या-पाऊण मिनिटाने फिरवत राहा. साधारण तीन मिनिटं, आर जोरात असेल तर दोनच. घड्याळापेक्षा कान आणि नाक बरं. आधी बारीक तडतड ऐकू येते, मग गोडसर खमंग वास येतो, तो आला की काढायचं. आणखी अर्धा मिनिट म्हणून ठेवलं की दाणे लाह्यांसारखे उडायला लागतात आणि उरतात ते करकरीत.

काढल्यावर ताटाला धरून परातीच्या काठावर दोनदा झटका, राख पडून जाईल. फुंकर मारू नका, राख डोळ्यात जाते, तीही शेजारच्याच्या.

६. चोळणं आणि पाखडणं

गावातली माणसं गरम कणीस सरळ तळव्यांत धरून चोळतात. त्यांचे हात बघा आणि आपले बघा. आपण फडक्यात गुंडाळायचं, परातीवर धरायचं आणि दोन्ही तळव्यांनी दाबत गोल चोळायचं, रवी फिरवतो तसं. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांतच बरेचसे दाणे सुटतात. मग फडकं उघडून परातीत झटका आणि राहिलेलं परत एकदा.

कणीस आपटू नका. आपटल्याने दाण्याबरोबर बोंडंही तुटून पडतात आणि मग ती वेगळी करता करता नाकी नऊ येतात.

परातीतलं सुपात घेऊन पाखडायचं, कोंडा पुढे उडतो आणि दाणा मागे राहतो. पाखडता येत नसेल (आजकाल कुणाला येतं, मला सासूबाईंनी लग्नानंतर शिकवलं) तर दोन परातींत वरून खाली ओता, वारा असेल तर आपोआप साफ होतं. मग हाताने एकदा चाळून बघा. लहान मुलांच्या वाटीतला दाणा जरा जास्तच निवडा, कोंडा घशाला चिकटून ठसका लागतो.

खाणाऱ्याच्या वाटीत दाणे पडतात तेव्हा ते गरम आणि मऊ असायला पाहिजेत. गार झालेत असं कुणी म्हणालं तर पुढच्या खेपेला कणसं कमी टाका, भाजायचा वेळ वाढवू नका. लोक नेमकं वेळ वाढवतात.

७. खाणं

पहिली मूठ नुसती खा, काहीही न लावता. मग चटणी, मग दही-चटणी, शेवटी गूळ. गुळाने सुरुवात केली की पुढे दाण्याचा गोडवा कळतच नाही.

वरून पाणी पिऊ नका, ताक प्या. जुनी माणसं सांगतात आणि माझ्या पोटाने हे मला दोनदा पटवून दिलंय. आणि जेवण करून हुरड्याला बसू नका किंवा हुरडा झाल्यावर लगेच भरीत-भाकरीचं ताट वाढू नका. सकाळी अकराला हुरडा आणि तीनला हलकं जेवण, असं अंतर ठेवा. पोरांना भूक लागलीच तर त्याच आगटीत हरभऱ्याचे डहाळे भाजून हुळा करा, रताळी असतील तर राखेत पुरून ठेवा, तासाभरात होतात.

काही जण मुद्दाम संध्याकाळी करतात, शेकोटी आणि थंडी म्हणून. छान वाटतं, पण अंधारात कणसावरची काणी दिसत नाही आणि पाखडलेलं दिसत नाही. परतीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांना मागे लाइट असेलच असं नाही. संध्याकाळी करायचंच तर राहायची सोय करून जा.

८. निघताना

आगटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता. वरून राख थंड दिसते पण गोवरीचा आर आत रात्रभर जिवंत राहतो आणि पहाटे वारा सुटला की ठिणगी कडब्यात जाते. तळहात राखेवर धरून बघा, ऊब लागली तर अजून पाणी. मग माती लोटा. प्लॅस्टिकचे चमचे-ग्लास गोळा करून आपल्याच गाडीत, बांधावर ठेवले तर गुरं खातात.

९. शेतावर जाणं जमलंच नाही तर: घरचा हुरडा

या दिवसांत शहरातल्या मंडईत सोललेला हुरडा सुटा मिळतो. घेताना दाणा हिरवट आणि चकचकीत बघा, दाबला की दबला पाहिजे. पिवळट, सुरकुतलेला किंवा आंबूस वासाचा नको. पिशवी बाहेरून ओली दिसली तर पाणी मारलेलं आहे असं समजा.

भाजायला लोखंडी तवा किंवा कढई, नॉनस्टिक नको. तवा आधी चांगला तापवा, मग आच मध्यम, एका वेळी दोन मुठी दाणे आणि हलवत राहा. मिठाच्या पाण्याचा हलका शिपका मारा, वाफ धरते आणि दाणा मऊ राहतो. चार-पाच मिनिटं पुरे. तेल-तूप घालू नका, ते घातलं की तो हुरडा राहत नाही, उसळ होते. (उसळही चांगली होते, पण ती वेगळी करा, लसूण-मिरचीच्या फोडणीवर.) अख्खं कणीस गॅसच्या ज्वाळेवर धरायचा प्रयोग मी केलाय, कोंडा पेटून बर्नरमध्ये पडतो आणि घरभर जळका वास, नका करू.

शेतावरून कणसं आणली असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून जास्तीत जास्त दुसऱ्या दिवशीपर्यंत. त्यापुढे ठेवायचं असेल तर दाणे काढून तव्यावर दोन मिनिटं नुसते गरम करा, पूर्ण गार होऊ द्या आणि छोट्या छोट्या पिशव्यांत हवा काढून फ्रीझरला टाका. गरम गरम भरले की आत वाफेचं पाणी होऊन गोळा बनतो. मोठी एकच पिशवी करू नका, एकदा वितळलेला हुरडा परत गोठवला की चिकट होतो. पिशवीवर तारीख घाला, नाहीतर जूनमध्ये मटार समजून पुलावात जातो, आमच्याकडे गेलाय.

फ्रीझरमधला हुरडा नुसता खायला मजा येत नाही, थालीपीठाला वापरा: एक वाटी हुरडा जाडसर वाटून, त्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, तीळ, ओवा, मीठ. हुरड्याचं पाणी सुटतं म्हणून पीठ जरा घट्टच भिजवा आणि लगेच थापा. मधे भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवा, आणि खालची बाजू सुटेपर्यंत उलटायची घाई करू नका.